ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे

आमच्या वाड्यावरच्या एका काकांची किडनी बदलून चौथं वर्ष चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. किडनी काकूंनी दिलेली. त्यामुळे पथ्याचा कारभारही त्यांच्याच हातात. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘ग्रेपफ्रूट टाळा’. त्या दिवसापासून घरात द्राक्षं बंद झाली. हिरवी, काळी, सगळी. मनुकासुद्धा. देवळातल्या प्रसादाच्या शिऱ्यातली मनुका बोटानं बाजूला काढून मग तो काकांच्या हातावर ठेवणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत.

आणि त्याच घरात दर चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळांच्या मांडवीला, पपनस बांधलं जायचं आणि विसर्जनानंतर सोलून खाल्लं जायचं.

माझी गोव्यात, फोंडा तालुक्यात छोटी फार्मसी आहे. काका दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. त्या वर्षी चवथ होऊन आठवडा झाला होता. काका पैसे मोजत होते आणि मोजता मोजता नाणी काउंटरवर सांडली. परत उचलली, परत सांडली. हाताला बारीक कंप होता. डोकंही दोन दिवस दुखत होतं म्हणाले. टॅक्रोलिमस, म्हणजे बदललेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, घेणाऱ्या माणसाचा हात असा थरथरायला लागला की औषधवाल्याच्या मनात एकच प्रश्न येतो : रक्तातल्या औषधाची लेव्हल कधी केली होती?

लेव्हल आली १७. एरवी ६-७ च्या घरात असायची. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वर गेलेलं. गोळी तीच, डोस तोच, वेळ तीच. मी विचारलं, “काका, या आठ-दहा दिवसांत नवीन औषध काही? अँटिबायोटिक? काढा?”

“ना गो. कायच ना.”

काकूंनी मध्येच विचारलं, “तोरींग खालें न्ही?”

“अगो, दोन फोडी खाल्यो, आनी कितें!”

दोन फोडींचा हिशेब पुढं वाढत गेला. माटोळीचं एक, शेजाऱ्यांकडून आलेली दोन. त्या दोनांचा सुनेनं मिक्सरात रस काढला होता. मीठ-साखर घालून. काका तो तीन दिवस सकाळी पीत होते. गोळीच्या वेळेला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम दोन तास थांबून.

हे ‘दोन तास थांबून’ पुढं परत येईल. आधी नावांचा घोळ.

ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काहीही संबंध नाही. झाडाला फळं घोसानं लागतात, म्हणून नावात ‘ग्रेप’ आलं असं सांगतात. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फळ आहे. पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून कॅरिबियन बेटांवर ते तयार झालं आणि अठराव्या शतकात बार्बाडोसमधल्या नोंदींत दिसू लागलं. म्हणजे पपनस हे ग्रेपफ्रूटचं थेट आईबाप. ज्या द्रव्यामुळं ग्रेपफ्रूट बदनाम झालं ते त्याला पपनसाकडूनच वारशानं मिळालं. आमच्या बाजूला पपनसाला कोणी तोरींग म्हणतं, कोणी तोरांजन. पोर्तुगीज शाळेत गेलेल्या पिढीला ‘तोरांजा’ हा शब्द आठवेल. पोर्तुगीजमध्ये तो ग्रेपफ्रूटसाठीच वापरतात. आमच्या आजोबांच्या पिढीला तो कागद वाचून दाखवला असता, तर त्यांनी कदाचित बरोबर फळाकडं बोट केलं असतं.

आता हे फळ औषधाचं नेमकं काय करतं?

पत्रादेवीचा चेकनाका डोळ्यांसमोर आणा. गोव्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या तिथं थांबवतात, डिकी उघडायला लावतात, परवान्यापेक्षा जास्तीच्या बाटल्या काढून घेतात. समजा, शंभर बाटल्या निघाल्या तर पंचवीसच पलीकडं पोचतात असा तुमचा अनुभव आहे. पलीकडच्या माणसाला पंचवीस हव्यात. तुम्ही काय कराल? शंभर पाठवाल. जप्ती गृहीत धरूनच.

टॅक्रोलिमसचा डोस असाच ठरतो. गिळलेल्या गोळीतलं औषध आतड्याच्या आतल्या भिंतीतून जातं. त्या भिंतीतल्या पेशींत एक एन्झाइम बसलेलं असतं, नाव सीवायपी-थ्री-ए-फोर. परक्या रसायनांची मोडतोड करणं हे त्याचं काम. पुढं यकृतात तेच एन्झाइम पुन्हा भेटतं, तो दुसरा नाका. दोन्ही पार करून रक्तात पोचणारं टॅक्रोलिमस सरासरी चौथा हिस्सा असतं. सरासरी हा शब्द इथं फार सैल आहे, कारण माणसामाणसांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून तर तुमचा डोस शेजाऱ्याच्या डोसाशी जुळत नाही आणि पहिल्या वर्षात रक्त देऊन देऊन हात काळानिळा होतो. डॉक्टर तुमच्या नाक्यावर किती माल अडतो याचा अंदाज घेत असतात.

ग्रेपफ्रूट आणि पपनस यांत फ्युरॅनोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. त्यांतलं बर्गामॉटिन सगळ्यांत गाजलेलं. आतड्याच्या भिंतीतलं एन्झाइम त्यांचीही मोडतोड करायला जातं आणि त्या झटापटीत स्वतःच कायमचं निकामी होतं. शिपाई जेवायला गेला आणि परत आला, असा हा प्रकार नव्हे. शिपाई संपला. त्याच्या जागी शरीराला नवीन एन्झाइम बनवावं लागतं, आणि नाका पूर्ववत व्हायला एक ते तीन दिवस जातात. तोवर तुम्ही सवयीनं शंभर बाटल्या पाठवताय आणि पलीकडं पंचवीसऐवजी साठ पोचताहेत.

म्हणून काकांचे दोन तास कामाला आले नाहीत. लोह आणि अँटासिड यांच्या बाबतीत अंतर ठेवून निभतं, कारण तिथं दोन पदार्थ पोटात एकमेकांना चिकटण्याचा प्रश्न असतो. इथं रस आणि गोळी यांची गाठ पडायची गरजच नाही. सकाळी रस प्यायलात आणि गोळी रात्री घेतलीत, तरी नाका रिकामाच. एक ग्लास, म्हणजे २००-२५० मिलिलिटर, पुरतो. रोज प्यायलात तर परिणाम साठत जातो.

एक बारकावा मला स्वतःला फार आवडतो. साधारण प्रमाणात प्यायलेला रस मुख्यतः आतड्यातल्या एन्झाइमला मारतो, यकृतातल्याला फारसा नाही. त्यामुळं तेच औषध शिरेतून दिलं तर रसाचा परिणाम जवळपास दिसत नाही. याचा अर्थ, ज्या औषधाची आतड्यात भरपूर नासाडी होते, त्याच्यावरच हा रस मोठा घाव घालतो. प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस ही चारही त्याच रांगेत उभी आहेत. मायकोफेनोलेटची गोष्ट वेगळी. त्याची वाट दुसरी आहे, ग्रेपफ्रूट त्याच्या आड येत नाही.

हा शोध लागला कसा, तर दारूची चव लपवताना. कॅनडातल्या लंडन नावाच्या गावात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो, ते तपासत होते. स्वयंसेवकांना आपण मद्य पितोय की नाही हे कळू नये, म्हणून ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिलं. रक्तातली औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी पट निघाली, मद्य न दिलेल्यांतसुद्धा. बेलींनी मग रस स्वतः पिऊन पाहिला, तरी तेच. पहिली नोंद १९८९ ची, आणि १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आल्यावर लोकांनी मनावर घेतलं. २०१२ मध्ये याच बेलींनी यादी मांडली तेव्हा ग्रेपफ्रूटशी भांडणारी औषधं ८५ च्या वर होती आणि त्यांतल्या ४३ औषधांबाबत परिणाम गंभीर होऊ शकत होता.

पपनसाचा पुरावाही आहे. २००३ मध्ये जपानी डॉक्टरांनी किडनी बदललेल्या एका रुग्णाची हकिकत छापली. टॅक्रोलिमसची पातळी एरवी ८ ते १० नॅनोग्रॅम, ती अचानक २५ वर गेली. चौकशीत निघालं पपनस, तेही जेमतेम शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या मोठ्या फळाच्या तीन-चार फोडी. ती हकिकत वाचताना मला आमच्या काकांच्या ‘आनी कितें’ची आठवण येते.

नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एक मिलिलिटर रक्तात असे पाच-दहा अब्जांश, एवढ्याशा औषधावर दुसऱ्याची किडनी आपल्या पोटात शांत राहते. खाली घसरलं तर शरीर त्या किडनीला परकी म्हणून ओळखतं. वर गेलं तर हात थरथरतात, डोकं दुखतं, साखर आणि पोटॅशियम चढतं, फार वर गेलं तर झटके येऊ शकतात. आणि यातला सगळ्यांत क्रूर भाग हा की जास्त झालेलं टॅक्रोलिमस त्याच किडनीला इजा करतं जिला वाचवण्यासाठी ते दिलं होतं.

काकांनी तेव्हा मला एक प्रश्न विचारला होता, आणि तो अजिबात खुळा नव्हता. “म्हणजे रस प्यायला की औषध जास्त चढतं. मग मी रोज अर्धा ग्लास रस पितो आणि गोळ्या अर्ध्या करतो. महिन्याचे किती पैसे वाचतील बघ!”

खरं सांगायचं तर डॉक्टरांनीही याच दिशेनं विचार केलेला आहे. औषध परवडावं म्हणून आपल्या देशात केटोकोनाझोल किंवा डिल्टियाझेम मुद्दाम जोडीला देऊन, तेच एन्झाइम अडवून, सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसचा डोस खाली आणण्याचे प्रयोग झाले आहेत. डिल्टियाझेम आजही काहींच्या चिठ्ठीवर दिसतं, आणि ते फक्त रक्तदाबासाठी नसतं. शिकागो विद्यापीठानं तर कर्करोगाच्या रुग्णांत सिरोलिमस थेट ग्रेपफ्रूट रसाबरोबर देऊन पाहिलं. २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. एकट्या सिरोलिमसचा आठवड्याला ९० मिलिग्रॅम लागणारा डोस रसाबरोबर २५ ते ३५ वर आला.

पण त्याच अभ्यासात एक गंमत झाली. सुरुवातीला आणलेल्या डबाबंद रसात ते द्रव्यच नव्हतं! शेवटी फ्लोरिडाच्या सरकारी लिंबूवर्गीय फळ खात्याकडून तपासलेला गोठवलेला रस मागवावा लागला. केटोकोनाझोलच्या गोळीत २०० मिलिग्रॅम म्हणजे २०० मिलिग्रॅमच असतात. पपनसात किती बर्गामॉटिन आहे, हे झाड सांगत नाही. जात, पिकलेपण, सालीचा किती भाग मिक्सरात गेला, सगळ्यावर ते हलतं. माटोळीचं पपनस आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं पपनस एकच असेल याची हमी कोण देणार? काकांना मी एवढंच म्हटलं, “काका, ज्या महिन्यात झाडावर फळ नसेल त्या महिन्यात काय करणार?” ते हसले. बेत तिथंच संपला.

आता ज्याच्यासाठी लोक माझ्या काउंटरवर थांबतात ते : मग प्यायचं तरी काय?

नागपुरी संत्र्यासारख्या गोड संत्र्यांत हे द्रव्य नगण्य असतं. मोसंबीचं नावही त्या काळ्या यादीत सहसा नसतं. अडचण येते ती ज्यूस सेंटरवर, ‘मिक्स’ या शब्दाखाली. आणि आपल्याकडं हॉटेलांत. किनाऱ्यावरच्या नाश्त्याच्या टेबलावर ग्रेपफ्रूटचा रस ठेवलेला असतो, मार्मलेड बहुधा कडू संत्र्याचं असतं (कडू संत्र्यातही तीच द्रव्यं), आणि बारमध्ये ग्रेपफ्रूट घातलेल्या मॉकटेलना सध्या बरे दिवस आलेत. “दारू नाही, नुसता ज्यूस आहे” हे वाक्य लग्नाच्या पार्टीत सोज्वळ वाटतं. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ते पुरेसं नाही. ग्लासात कुठलं फळ आहे ते विचारावं. पानातल्या लिंबाच्या फोडीला मात्र कोणी हरकत घेत नाही, वरण-भातावर खुशाल पिळा.

करमल ही वेगळीच भानगड आहे. पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसणारं, आपल्या परसातलं आंबट-गोड फळ. जगभर त्याला ‘कॅरम्बोला’ म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगिजांनी आपल्याच भाषेतून उचलला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. म्हणजे या फळाचं जगातलं नाव आपण ठेवलं, पण त्याचा धोका आपल्याला ब्राझीलच्या डॉक्टरांकडून शिकावा लागला. निरोगी किडनीच्या माणसाला एखादं करमल काही करत नाही. किडनी कमजोर असेल तर त्यातलं एक विष शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं. सुरुवात होते न थांबणाऱ्या उचकीनं. पुढं गोंधळ, झटके, आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. ते विष वेगळं काढून ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याला नाव दिलं, कॅरम्बॉक्सिन. शिवाय त्यात ऑक्झलेट भरपूर, ते किडनीत खड्यासारखं साचतं. बदललेली किडनी एकटी असते आणि तिची ताकद क्वचितच पूर्ण असते. म्हणून डायलिसिसवरच्या आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसानं करमल खाऊच नये, असं मी तोंडावर सांगते. लोणच्यातलंसुद्धा.

बिंबल त्याचंच भावंड. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, दोन-चार बिंबलं पडली म्हणून आभाळ कोसळत नाही, निदान धडधाकट माणसावर. त्याचा रस काढून पिणं हा मात्र दुसरा खेळ. केरळात कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून लोक त्याचा घट्ट रस उपाशीपोटी घेत. २०१३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा दहा जणांची नोंद केली; दहाही जणांच्या किडन्या अचानक बंद पडत गेल्या, सात जणांना डायलिसिस लागलं.  व्हॉट्सअॅपवर बिंबलाच्या रसाचा फॉरवर्ड मला वर्षातून एकदा तरी येतो. मी दरवेळी तेच उत्तर पाठवते आणि दरवेळी एक मावशी ग्रुप सोडून जाते.

शहाळं. यावर सगळ्यांत जास्त वाद होतो, कारण आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जाताना हातात आडसर असतंच. शहाळ्याच्या पाण्याचा त्या एन्झाइमशी झगडा नाही. त्याचा प्रश्न पोटॅशियमचा. एका शहाळ्यातून पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं. टॅक्रोलिमस स्वतःच पोटॅशियम वाढवतं, आणि पहिले काही महिने जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोलची गोळीही वाढवते. त्यात वरून दोन शहाळी. पोटॅशियम जास्त झालं की हृदयाचा ठोका चुकतो, आणि तो आधी कळवून चुकत नाही. रिपोर्टात पोटॅशियम नीट असेल तर शहाळं किती आणि कधी, हे तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा. ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर धरू नका. बाटलीतून विकला जाणारा नोनीचा रसही याच पंगतीतला, पोटॅशियमनं भरलेला. गुळवेलीचा रस तर उलट्या कारणासाठी नको : प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून तो विकतात, आणि आपण ती दाबून ठेवायलाच रोज गोळ्या गिळतोय.

साखरेबद्दल थोडक्यात. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड मिळून अनेकांना प्रत्यारोपणानंतर नवा मधुमेह देतात. संत्र्याच्या एका ग्लासात वीस ग्रॅमच्या वर साखर असते, वरून घातलेली वेगळीच. त्यापेक्षा संत्रं सोलून खावं.

उन्हाळ्यातल्या नीऱ्याचं काय, असं सत्तरी तालुक्यातून येणारे विचारतात. काजूची बोंडं पायानं तुडवून काढलेला, दुपारपर्यंत आंबायला लागणारा तो रस मलाही प्रिय आहे. पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसानं न उकळलेला, न तापवलेला उघड्यावरचा रस पिऊ नये, मग तो नीरा असो की रस्त्याकडेच्या चरकातला उसाचा रस. त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे गाडेवाल्यालाही ठाऊक नसतं.

इथं एक गोष्ट जोडायलाच हवी, कारण फार कमी लोकांना ती माहीत असते. जुलाब लागले तर औषध वाहून जाईल आणि लेव्हल उतरेल, असं वाटतं ना? टॅक्रोलिमसचं उलटं आहे. जुलाबांत आतड्याची भिंत सोलवटते, तिच्यातलं एन्झाइम कमी होतं, आणि लेव्हल चढते. पावसाळ्यात पोट बिघडलेल्या माणसाला मी ओआरएस देताना विचारते, किडनी बदललीय का? ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, त्यामुळं प्रश्न दुहेरी होतो. नाका ग्रेपफ्रूटनं रिकामा केला काय नि जुलाबानं केला काय, पलीकडं माल जास्तच पोचतो.

रस आणि औषध यांची दुसरी एक चाल आहे, पूर्ण विरुद्ध दिशेची. काही औषधांना आतड्यातून आत जायला वाहक प्रथिनांचा हात धरावा लागतो, आणि ग्रेपफ्रूट, संत्रं, सफरचंद यांचे रस तो हात झटकतात. मग औषध जास्त नाही, कमी पोचतं. ॲलर्जीची फेक्सोफेनाडिन हे ठळक उदाहरण. शिंका थांबत नाहीत म्हणून लोक गोळी बदलून मागतात आणि मी विचारते, कशाबरोबर घेता? पाण्याबरोबर घ्या, एवढ्यानंच काम होतं. किडनीच्या रुग्णांच्या चिठ्ठीवर बहुधा दिसणाऱ्या ॲटोर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मात्र टॅक्रोलिमससारखंच. तीही ग्रेपफ्रूटनं चढते, आणि चढली की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू दुखायला लागतात.

चुकून खाल्लंच तर? घाबरून स्वतःच्या मनानं पुढची गोळी गाळू नये. माझ्या अनुभवात खरं नुकसान बऱ्याचदा तिथं होतं : दोन डोस चुकवले, लेव्हल घसरली आणि मग रिजेक्शनची, म्हणजे शरीर किडनी नाकारण्याची, धास्ती. आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना किंवा तिथल्या समन्वयकांना फोन करावा, काय खाल्लं, किती, कधी, ते सांगावं. डोस कमी करायचा की नुसती लेव्हल बघायची हे ते ठरवतील. लेव्हलसाठी रक्त द्यायला जाताना सकाळची गोळी खिशात न्यायची, पोटात नाही. रात्रीच्या डोसानंतर बारा तासांनी, पुढचा डोस घेण्याआधी पातळी मोजतात. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि नसलेल्या रोगावर इलाज सुरू होतो. हे मी दर महिन्याला कोणाला ना कोणाला सांगते, आणि तरी लोक पहाटे शिस्तीत गोळी घेऊन बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायला बस पकडतात.

काकांची लेव्हल उतरायला आठवडा लागला. डोस डॉक्टरांनी दोन दिवस कमी केला, लेव्हल परत तपासली, डोस परत मूळ पदावर आणला. क्रिएटिनिन खाली आलं, अगदी पूर्वीच्या आकड्यावर नाही, पण जवळ. काकू मात्र माझ्यावर रागावल्या होत्या. “चार वर्सां द्राक्षां खायना तो, आनी तुमी आतां सांगतात?” मी काय बोलणार. त्यांच्या हातातल्या कागदावर बरोबर शब्द होता. फक्त तो आमच्या बाजारात कोणी विकत नव्हतं.

तसं पाहिलं तर १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा केंद्रशासित प्रदेशांखेरीज अगदी पहिल्याप्रथम ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर गोवा होता. कायद्यात आपण पहिल्या रांगेत. पथ्याच्या कागदावर मात्र अजून अमेरिकेतल्या नाश्त्याचं फळ छापलेलं असतं. मी आता टॅक्रोलिमसच्या पाकिटाला एक चिठ्ठी स्टेपल करते : पपनस, तोरींग, तोरांजन, ग्रेपफ्रूट, कडू संत्रं, करमल, बिंबलाचा रस. खाली पेनानं, ‘द्राक्षं चालतात’. अर्थात साखर बघून.

यंदाच्या चवथीला काका सकाळीच दुकानात आले. हातात कापडी पिशवी. माटोळीसाठी रानातून आणलेली फळं होती, कांगलां, घागऱ्यो आणि आणखी दोन-तीन. त्यांनी ती एकेक करून काउंटरवर मांडली. शेवटचं एक हिरवं, खरबरीत, मुठीएवढं. “हें कितें गो?”

मला ओळखता आलं नाही. त्यांनाही नाव येत नव्हतं. डोंगरावरच्या गावड्यानं दिलं होतं म्हणे. मी म्हटलं, “काका, हे बांधा. खाऊ नका.”

त्यांनी ते परत पिशवीत टाकलं, द्राक्षांचा एक घड बाहेर काढला आणि मुद्दाम माझ्यासमोर एक तोंडात टाकलं.